आबाचा बाजार

आमच्या घरचा बाजार आधी सेनगावहून यायचा, नंतर तो समुद्रापलीकडून यायला लागला. आबा म्हणजे माझा बाप. त्याला मेंढरं कळायची आणि बाजार कळायचा, बाकी दुनियेशी त्याचं फारसं बोलणं नसे. बाजाराच्या दिवशी तो सकाळच्या जीपनं सेनगावला जायचा आणि दुपार कलताना फाट्यावर उतरून बांधाबांधानं चालत घरी यायचा. एका हातात गळ्याला सुतळी बांधलेली गोडेतेलाची बाटली, खांद्यावर पिशवी. पिशवीत मीठ, गूळ, चहापत्ती, खोबऱ्याची वाटी, आणि सगळ्यात वर, चेंगरू नये म्हणून, भज्यांचा पुडा. तो दिसायच्या आधी त्याची हाळी ऐकू यायची. जीभ टाळूला दोनदा आपटून तो घशातून एक लांब आवाज काढायचा, शेवटाला वर चढून एकदम तुटणारा. प्रत्येक मेंढक्याची हाळी वेगळी असते आणि मेंढरं दुसऱ्याच्या हाळीला मान वर करत नाहीत. आबाची हाळी आली की कुंपणातली सगळी मेंढरं त्या दिशेला तोंड करून उभी राहायची, आणि माय चुलीवर चहाचं आधण ठेवायची.

घर गावाच्या टोकाला होतं. मातीच्या भिंती, वर पत्रे, दाराची चौकट एवढी ठेंगणी की नव्या माणसाचं कपाळ हमखास आपटायचं. मागं बोराटीच्या काट्यांचं कुंपण आणि त्यात मेंढरं. घरात माय, मी आणि माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान असलेला बाळू. सलग दोन उन्हाळे चारा मिळाला नाही, निम्मी मेंढरं गेली, तेव्हा वसमतकडच्या कुणा ओळखीच्या माणसानं आबाला मुंबईच्या एजंटाकडे नेलं. आखाती देशात बागेला पाणी घालायचं काम आहे असं सांगितलं होतं. जाताना आबानं नवा शर्ट घातला होता आणि त्याच्या घड्या छातीवर तशाच उभ्या होत्या. दोन महिन्यांनी पहिलं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, "इथं बाग न्हाई. वाळू हाय आन मेंढरं हायत. पन ही मेंढरं माझी हाळी ऐकत न्हाईत."

आबाला सहीपुरतं येत होतं. पत्र दुसरंच कुणी लिहून देत असणार, हे आम्हाला ठाऊक होतं. पण मी सातवीत होते, मायला वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं, आणि वाचता वाचता ते अक्षर मला आबाचंच वाटायला लागलं. डावीकडे कललेलं, 'र'ला मागं छोटा आकडा. आजही डोळे मिटले की आबाचा चेहरा नीट उभा राहत नाही, पण तो आकडा दिसतो.

मग खोकी यायला लागली. सुट्टीवर येणाऱ्या कुणाच्या तरी हाती आबा जाड पुठ्ठ्याचं खोकं पाठवायचा, चारी बाजूंनी दोरी आवळलेलं. माय त्याला 'बाजार' म्हणायची. शेजारणीनं विचारलं की सांगायची, "यांचा बाजार आला." आत दुधाच्या पावडरचा पिवळा डबा, चिकट खजूर, बदाम, बारीक शेवया, संत्र्याच्या सरबताची भुकटी, वासाचे साबण. एकदा कडक, काळी, बोरापेक्षा मोठी फळं निघाली. वजनाला काहीच नाहीत, हलवली की आत काहीतरी खुळखुळे. माय त्यांना हात लावीना. पुढच्या पत्रात खुलासा आला की ती वाळवलेली लिंबं आहेत, मटणाच्या रश्शात टाकतात. खोकं उघडलं की सगळ्यांत आधी एक वास यायचा, खजुराचाही नाही आणि साबणाचाही नाही. मेंढरांचा वास, पण आमच्या मेंढरांचा नव्हे. कुंपणातली मेंढरं त्या रिकाम्या खोक्यापासून लांब राहायची.

मागच्या वर्षी मी मुलाकडे मस्कतला गेले होते. जाताना पिशवीत वसमतची हळद, ज्वारीचं पीठ, कारळाची चटणी. विमानतळावरच्या माणसानं पिठाची पिशवी वर उचलून बघितली आणि ही कशाची पावडर म्हणून विचारलं. मी भाकरी थापायची खूण करून दाखवली, तेव्हा तो हसला. तिथल्या दुकानात काळ्या लिंबांचा ढीग होता. सून म्हणाली, घ्यायची का. मी तिथून बाहेर येऊन उभी राहिले. तिला कारण सांगितलं नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

दुसऱ्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला पत्रं बदलली. आधीची पत्रं अर्ध्या पानाची असायची. नमस्कार, मी खुशाल आहे, मेंढरांना जंताचं औषध पाजा, बाळूला मारू नका, संपलं. आता पान भरायला लागलं, मागची बाजू भरायला लागली. संध्याकाळी वाळूचा रंग कसा होतो ते लिहिलेलं असायचं. घरातल्या बारीकसारीक गोष्टींची विचारपूस असायची. मायसाठी वेगळा मजकूर असायचा: तू वेळेवर जेवतेस का, तुझी पाठ दुखायची ती राहिली का, कामाचा फार भार ओढून घेऊ नकोस. पैसे तेवढे येईनासे झाले होते, पण मालकानं पगार अडकवला आहे असं त्यातच लिहिलेलं असायचं. एका पत्रात विचारलं होतं, बाळूच्या कपाळावरची खोक डाव्या बाजूला की उजव्या. मी वाचता वाचता थांबले. ती खोक पडली तेव्हा आबानंच त्याला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं होतं. मी मायकडे बघितलं. ती लसूण सोलत होती. म्हणाली, "परदेशात राहून इसरले आसतील. लिही, डावीकडं."

त्या हिवाळ्यात माय जितकी खुशीत होती तितकी मी तिला आधीही पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. संक्रांतीला तिनं हिरव्या बांगड्या भरल्या. गल्लीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं आणि वाण म्हणून प्रत्येकीला वासाच्या साबणाचा अर्धा तुकडा दिला. पत्राची उत्तरं सांगताना ती मला बाळूपासून लांब, कुंपणाकडे घेऊन जायची आणि हळू आवाजात सांगायची. काही वाक्यं सांगून झाल्यावर म्हणायची, "हे लिहू नको." थोडा वेळ गेला की म्हणायची, "लिही."

चैत्रातल्या एका दुपारची गोष्ट आहे. आमच्याकडे चैत्रातली दुपार रात्रीपेक्षा सुनी असते. माणसं सावलीला पडलेली, कुत्री ओट्याखाली, पत्रे तापून मधूनच कडकड वाजतात तेवढाच आवाज. माय मेंढरं घेऊन ओढ्याच्या डोहावर गेली होती. बाळू झोपला होता. मी दारात बसून गहू निवडत होते. बांधावरून एक माणूस डोक्यावर खोकं घेऊन येताना दिसला. आमच्या घराला रस्ता नाही, शेतातून वाट आहे आणि ती दोन ठिकाणी फुटते. नवा माणूस दर वेळी पहिल्या फाट्याला चुकतो. हा चुकला नाही. बाभळीखाली आल्यावर मात्र तो सरळ न येता वळसा घालून आला, जणू तिथं कुणीतरी झोपलेलं आहे. त्या जागेवर आमचा काळू कुत्रा पुरलेला होता. वर दगड नव्हता, खूण नव्हती. गाव सोडा, शेजाऱ्यांनाही ती जागा ठाऊक नव्हती.

तो दाराशी आला, खोकं उतरवलं आणि चौकटीकडे न बघता मान खाली घालून आत शिरला. आत अंधार होता. बाहेरच्या उन्हातून आलेल्या माणसाला काही दिसायचं नाही. पण तो थेट उतरंडीच्या मागं गेला, तिथल्या खिळ्यावरून गळ्याला सुतळी बांधलेला तांब्या काढला, रांजणातून पाणी घेऊन प्यायला आणि तांब्या परत त्याच खिळ्याला लावला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सुमे, माय कुठी हाय?"

मी त्याला आयुष्यात पाहिलं नव्हतं. पस्तीस-चाळिशीचा, उन्हानं काळाठिक्कर पडलेला, डोळ्यांभोवती पांढऱ्या रेघा. मला ओरडावंसं वाटलं, पण त्यानं नाव इतकं सरावानं घेतलं होतं की ओरडणं बरं दिसलं नसतं. मी विचारलं, "तुमी कोन?"

"मी शेषराव. पैनगंगेच्या तिकडला. तुह्या बापासंगं व्हतो."

तो मेढीच्या खांबाला पाठ टेकून, कणगीकडे तोंड करून बसला. आबाही तिथंच, तसाच बसायचा. बाळू जागा झाला आणि डोळे चोळत त्याच्याकडे बघत राहिला. शेषरावानं त्याच्या कपाळाकडे बघितलं, डाव्या बाजूला, आणि मान हलवली.

माय आली. मेंढरं अजून मागं रेंगाळत होती. पाव्हणा बघून तिनं पदर डोक्यावर ओढला, पाणी दिलं का म्हणून मला विचारलं आणि चुलीपुढं बसून काटक्या सारल्या. तिनं भाकरी थापायला घेतल्या, पिठलं टाकलं. पाठ त्याच्याकडे ठेवूनच तिनं विचारलं, "ते बरे हायत ना? कवा येणार म्हनले?"

तो पुढं सरकला. खोक्याची दोरी सोडायला लागला. एकेक वस्तू बाहेर काढून जमिनीवर मांडत गेला. खजूर. डबा. शेवया. प्रत्येक पुड्यावर कागद चिकटवलेला होता आणि कागदावर नाव होतं, बाळू, सुमन, सौ. कललेली अक्षरं, 'र'ला नाही पण 'ळू'च्या उकाराला तोच आकडा. मी म्हणाले, "माय, पत्रातलं अक्षर हाय हे."

"माहंच हाय ते," शेषराव म्हणाला. "पत्रं मीच लिहीत व्हतो."

तेवढ्यात मेंढरं कुंपणाच्या दाराशी येऊन गोंधळली. एक कोकरू फुटून बांधाकडे पळालं. शेषराव बसल्या जागी वळला आणि, मला वाटतं, विचार न करताच, त्यानं जीभ टाळूला दोनदा आपटली. मग तो आवाज आला. लांब, वर चढत गेलेला, शेवटाला तुटलेला. बाहेर सगळं थांबलं. मेंढरांनी माना वर केल्या आणि सगळ्यांनी मिळून आमच्या दाराकडे तोंड केलं. पळालेलं कोकरू परत आलं. बाळू उठून दाराबाहेर धावला आणि बांधाकडे बघत हाक मारायला लागला, "आबा. आबा."

मायच्या हातात अर्धी थापलेली भाकरी होती. ती तिनं परातीत ठेवली. तिनं पहिल्यांदा त्या माणसाकडे सरळ बघितलं.

"ही हाळी तुमाला कोनी दिली?"

"त्यायनंच. तिथली मेंढरं हळूहळू आयकू लागली व्हती. ते गेल्यावर मलेच काढा लागली. नाही तर ती पानी प्याले येत नव्हती, वैनी."

ते गेल्यावर, हे शब्द त्याच्या तोंडून निघून गेले होते. त्यानं ते परत घेतले नाहीत. चुलीवर पिठलं खदखदत होतं. मायनं विचारलं, "कवा?"

"अखाडात." मग त्यानं खाली मान घालून सगळं सांगितलं. वाळूचं वादळ आलं, कळपातली दहाबारा मेंढरं फुटली. आबा पाण्याचा डबा घेऊन त्यांच्या मागं गेला. दुसऱ्या दिवशी मेंढरं आली, आबा आला नाही. तिसऱ्या दिवशी तो एका उंचवट्याच्या आडोशाला बसलेला सापडला. मालकाची माणसं आली, त्यांनी तिथंच माती दिली. शेषरावानं वर दगड रचले. "त्यायले आनता नसतं आलं. मालकानं कागदच नाही देल्ले. त्यायच्या खाटीखाली तुमच्यासाठी जमवलेलं सामान व्हतं, मंग तेच आनलं. मुंबईले कस्टमवाल्यानं खोकं फोडलं. हे कोनाचं म्हने. मी म्हनलं माहं हाय."

"आन पत्रं?" मी विचारलं. माझा आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

तो म्हणाला की बातमी कळवायला म्हणूनच तो कागद घेऊन बसला होता. सर्वांना नमस्कार असं लिहिलं, आणि सवयीनं हात पुढं गेला, मी इथं खुशाल आहे. ते खोडायला पाहिजे होतं. खोडलं नाही. मग आमचं उत्तर आलं, त्यात प्रश्न होते, प्रश्नांना उत्तरं द्यावी लागली. रात्रंदिवस दोघंच राहायचे तेव्हा आबानं त्याला घर सांगितलं होतं, वाट, चौकट, तांब्याचा खिळा, सगळं. काळू मेल्याचं, त्याला बाभळीखाली पुरल्याचं तर मीच लिहिलं होतं. "मले कोनाचंच पत्र येत नव्हतं," तो म्हणाला. "माही घरवाली जाऊन सात वर्सं झाली. घरी कोनी नाही."

मायनं चुलीत एक काटकी सारली. मग मला म्हणाली, "सुमे, पत्राचा डबा आन."

मी डबा आणला. मला वाटलं ती तो चुलीत घालणार. तिनं पिठाचे हात पदराला पुसले आणि सांगितलं, "एकेकाची पहिली वळ वाच." मी वाचायला लागले. पहिली एक-दोन वाक्यं ऐकली की ती हात वर करायची आणि बोटानं दाखवायची, हे इकडं, हे तिकडं. तिला वाचता येत नव्हतं, तारखा कळत नव्हत्या, आणि मी पत्रं वाटेल तशी काढत होते. शेषराव प्रत्येक वेळी नुसती मान हलवत होता. ती एकदाही चुकली नाही. शेवटी तिच्या डाव्या हाताला एक छोटा ढीग झाला आणि उजव्या हाताला मोठा. मी म्हणाले, "माय, तुला म्हाईत व्हतं?"

"पंधरा वर्सांच्या संसारात त्यांनी मला जेवलीस का म्हनून कधी इचारलं न्हाई, सुमे," ती म्हणाली. "पोळ्याच्या पत्रात इचारलं, तवाच मला कळाया पायजे व्हतं." मग म्हणाली, "कळलं बी आसंल. मी तिकडं ध्यान दिलं न्हाई."

त्या वाक्यावर मी इतकी वर्षं विचार करते आहे. मी स्वतः संसार केला, नवरा पोचवला, मुलाला परदेशी लावून दिलं. रोज त्याचा चेहरा फोनच्या काचेत दिसतो आणि तरी कधी कधी, आवाज अडकला, चेहरा गोठला, की मी मुद्दाम असं काहीतरी विचारते जे फक्त त्यालाच माहीत असेल. तो चिडतो. माय तेव्हा बत्तीस-तेहतीसची असेल. तिनं सात-आठ महिने काय ऐकलं आणि काय ऐकायचं नाकारलं, हे मी तिला पुढं कधी विचारलं नाही. शेषरावाचं सांगायचं तर तो आबाचे तेरा दिवस होईपर्यंत गावात राहिला, मारुतीच्या देवळात झोपायचा. दोन वर्षांनी एकदा आला, तेव्हा मायनं त्याला ओट्यावर पाणी दिलं, आत बोलावलं नाही. त्यानंतर त्याचं काही कळलं नाही.

त्या दुपारी मायनं मोठा ढीग उचलून त्याच्यापुढं ठेवला. "हे तुमचं. आन मी धाडलेली?"

त्यानं शर्टाच्या आतून कापडात बांधलेली पुडी काढून दिली. माझ्या हातची पत्रं. लिहू नको आणि लिही यांच्यामधली सगळी वाक्यं त्यात होती. त्यानं ती देताना तिच्याकडे बघितलं नाही, तिनंही घेताना बघितलं नाही. पुडी तिनं कणगीत, ज्वारीत खोल दाबली.

"आता उठा," ती म्हणाली. "गल्लीत भावकीची घरं हायत. माझ्या दिराचं घर पाराजवळ हाय, तितनं सुरू करा. तुमच्या तोंडानं सांगा. मी सांगनार न्हाई. मला आखाडातच कळाया पायजे व्हतं, ते आता सगळ्यांना कळू द्या."

"वैनी, तुमी म्हनाल तं मी—"

"न्हाई. जा."

तो उठला. या वेळी चौकटीला त्याचं कपाळ जोरात आपटलं. क्षणभर तो तिथंच हात लावून उभा राहिला, मग उन्हात निघून गेला.

मायनं परातीतली भाकरी पूर्ण थापून तव्यावर टाकली. घाई नव्हती, पण एक क्षणही ती थांबत नव्हती. बाळूला हाक मारून आत आणलं. मला म्हणाली, "बस. जेव." मी म्हणाले मला भूक नाही. "भूक इचारली न्हाई. आता बायका येतील, मग ह्या घरात चूल पेटनार न्हाई. किती दिवस ते ठाव न्हाई. लेकराला चार घास घाल, तू खा." पिठलं लागलं होतं, त्याला करपट वास येत होता. आम्ही तिघं चुलीपाशी बसलो. ती स्वतः खात नव्हती, एकेक घास मोडून आमच्या हातावर ठेवत होती. बाळू विचारत होता, आबा कुठं थांबला. ती म्हणाली, "गीळ आधी."

बाहेर अजून दुपार होती. पत्रे कडकडत होते. मग लांबून, पाराच्या बाजूनं, एका बाईचा आवाज आला. माझी चुलती. आवाज वर गेला आणि एकदम थांबला, तिनं श्वास घेतला असावा. मग अलीकडच्या घरातून दुसरा आवाज उठला. थोडं थांबून तिसरा. बातमी एकेका घरात शिरत होती आणि रडण्याच्या आवाजानं आमच्याकडे येत होती. मध्ये किती घरं उरली, हे मला आपोआप कळत होतं. मायनं बाळूचं तोंड ओल्या हातानं पुसलं. परात धुऊन भिंतीला उभी केली. कळशीतलं पाणी चुलीत ओतलं, चर्र आवाज होऊन वाफ पत्र्यापर्यंत गेली आणि ओल्या राखेचा वास घरभर पसरला. तिनं कपाळावरचं कुंकू हाताच्या मागच्या बाजूनं पुसलं, दुसऱ्या कुणी येऊन पुसायच्या आधी. मग ती उंबऱ्यावर जाऊन बसली, वाटेकडे तोंड करून, आणि बायका बांधावर दिसेपर्यंत तिनं तोंडातून आवाज काढला नाही.